सेवाराम रतलामी, हजर

पैज लागली ती पोह्यावर. रविवारी सकाळी साडेसातला इंदुरातला माणूस दुसऱ्या कशावर पैज लावणार?

लोकमान्य नगरच्या कोपऱ्यावर गंगूबाईचा ठेला. त्याच्याभोवती अर्धी गल्ली उभी, हातात कागदी प्लेटा, तोंडं चालू. सगळ्यांत मोठं तोंड श्रीहरी मुळ्येचं. वय बावन्न, शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रिकल लॅबचा टेक्निशियन, आणि गल्लीतला नंबर एकचा खोडकर. मागच्याच महिन्यात त्याने सकाळी साडेपाचला कचरागाडीचं गाणं मोबाईलवर फुल आवाजात लावलं होतं. सगळी गल्ली ओला-सुका डबा घेऊन लुंगी-गाउनवर रस्त्यावर आली, आणि गाडीचा पत्ता नाही. हा आपला गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवतोय.

मधुवंती ठेल्यावर आली तीच मोबाईलमध्ये बघत. ती श्रीहरीच्याच कॉलेजात शिकवायची, राहायची समोरच्या घरात.

"मधु, रविवारी तरी त्या पोर्टलला सुट्टी दे गं," श्रीहरी म्हणाला.

"भिया, आधी तुम्ही मार्क भरा. सेफ्टीचं प्रॅक्टिकल अजून पेंडिंग दाखवतंय."

"उद्या घेतो की. आणि भरून होतंय काय? वाचतंय कोण?"

मधुवंतीने मान वर केली. पोर्टल म्हणजे तिचा जीव. पूर्वी कोर्स धड चाललाय की नाही हे फाइलीत लिहायचे. तपासणीची कमिटी यायच्या दोन दिवस आधी सगळे मास्तर बसून मागच्या वर्षीचे आकडे यंदाच्या कागदावर उतरवायचे, वर चहा-समोसे. ते बघून बघून हिचं डोकं फिरलं. दोन वर्षं मागे लागून तिने पोर्टल उभं केलं. कोर्स संपताना पोराला नेमकं काय करता आलं पाहिजे, ते आधी लिहायचं. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक प्रॅक्टिकल त्यातल्या एकेका गोष्टीला बांधायचं. वर्गातल्या साठ टक्के पोरांना ती गोष्ट जमली तर हिरवं, नाही तर लाल. सेफ्टी लाल आली तर पोरांना कारखान्यात ट्रेनिंगला पाठवायच्या आधी तीन आठवडे लॅबमध्ये जास्तीची प्रॅक्टिस. हे पोर्टल आपोआप ठरवायचं, कोणाच्या हातापाया पडावं लागायचं नाही.

"आधी फाइल कोणी वाचत नव्हतं, आता स्क्रीन कोणी वाचत नाही," श्रीहरीने घास घेत सांगितलं. "तुझ्या त्या पोर्टलमध्ये मी गाढव घुसवलं ना, तर तेपण पास होऊन बाहेर येईल."

"गाढव पकडेन मी."

"नाही पकडणार."

"पकडेन."

"अरे, मग लावा की पैज!" नाना म्हणाले. नाना ट्रेझरीतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती, पण कुठेही पंच म्हणून बसायची हौस कायम. त्यांनी लगेच मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "श्रीहरी, तू या आठवड्यात पोर्टलमध्ये एक खोटी गोष्ट टाकायची. एकच. मधु, तू ती पुढच्या रविवारी सकाळी आठच्या आत शोधायची. सापडली तर श्रीहरी हरला, नाही तर तू. आणि जो हरेल तो..."

"सबके सामने इथे उभं राहून बिना शेवेचे पोहे खाईल," श्रीहरीने पूर्ण केलं.

ठेल्यावरचे सगळे चमचे प्लेटांत टेकले.

"हाय राम," गंगूबाईचा झारा हवेतच थांबला. "बिना सेव? मेरे ठेले पे?"

"शेव नाही, वरून जीरावन मसाला नाही, कांदा नाही," नानांनी निकाल वाचल्यासारखं सांगितलं. "पूर्ण प्लेट. दाणा शिल्लक ठेवायचा नाही."

मधुवंती हसली आणि तिने हात पुढे केला. श्रीहरीने टाळी दिली.

सोमवारी लॅब. वर्ग छोटासा, चौदा जणांचा. प्रॅक्टिकल एकच आणि साधं: बंद पॅनल उघडायचं. पण उघडायच्या आधी मेन बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, आपल्या नावाची पाटी लटकवायची, आणि शेवटी टेस्टर लावून बघायचं की करंट खरोखर गेलाय. मग हात घालायचा. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. दोन किंवा वर म्हणजे जमलं.

शिवांगी मानपुरहून यायची, रोज सकाळची बस पकडून. वडिलांचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान. पोरीचा हात सफाईदार. मेन बंद केला, खटकन कुलूप घातलं, पाटी लटकवली, आणि तडक पॅनलमध्ये हात.

"थांब. टेस्टर?"

शिवांगीने जीभ चावली. "सर, मेन तर बंद केला ना."

"बेटा, तू बंद केलास म्हणून करंटला कळत नाही. दुसरीकडूनपण लाइन येत असेल तर? टेस्टर सांगेल, तेव्हा बंद."

"सॉरी सर. घाईत राहून गेलं."

"सॉरी मला नको. तीन आठवडे प्रॅक्टिस लागेलच, रोज करून घेईन. झोपेतपण टेस्टर लावशील."

त्याने तिला एक मार्क दिला. मस्करी करायचा, पण लॅबच्या मार्कांत श्रीहरीने आजवर कधी लबाडी केली नव्हती. त्या दिवशी आठ जणांना दोन किंवा तीन पडले, सहा जणांना एक. सगळं त्याने जसं होतं तसं टॅबवर भरलं.

आणि मग बोटं शिवशिवली.

खाली एक बटण होतं, 'नवीन विद्यार्थी जोडा'. उशिरा ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी. एनरोलमेंट नंबर नंतर दिला तरी चालायचं. श्रीहरीने आजूबाजूला बघितलं, मिशीत हसला आणि नाव टाकलं: सेवाराम रतलामी.

वा! नाव असं की माळव्यात कोणाला शंका येणार नाही. रतलामी सेव, शब्द उलटे फिरवून पँट-शर्ट चढवलेली. सेवारामला पूर्ण तीन मार्क दिले. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, 'विद्यार्थी मनमिळाऊ. रोज सकाळी पोह्यावर सापडतो.' इतकं सरळ लिहूनही मधुला सापडलं नाही तर दोष तिचा, असं म्हणून त्याने टॅब बंद केला. चौदाचे पंधरा झाले, त्याने पुढे काय होतं हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

बुधवारी दुपारी मधुवंती कॉरिडॉरमध्ये जवळजवळ पळतच आली. "भिया! सेफ्टी हिरवी! दोन वर्षांत पहिल्यांदा! बरोब्बर साठ टक्के!"

"क्या बात है," श्रीहरी म्हणाला.

"तुमच्यामुळे. तुम्ही त्या पोरांच्या मागे लागता म्हणून." तिचा चेहरा असा फुलला होता, जसा लग्नात मुलीकडच्यांचा सगळं नीट पार पडल्यावर फुलतो. "आता प्रॅक्टिस लागणार नाही, उद्यापासून डायरेक्ट ट्रेनिंग. सांवेर रोडचे कारखानेवाले कधीचे मुलं मागतायत."

ती गेली. श्रीहरी कँटीनमध्ये जाऊन बसला. समोर चहा आला. आपल्या गाढवाने मैदान मारलं म्हणून तो मनात टाळ्या पिटत होता, आणि त्या टाळ्या वाजवता वाजवताच त्याची बोटं मोजायला लागली. आठ जणांना जमलं. चौदातले आठ म्हणजे... सत्तावन्न. लाल. सेवारामसकट नऊ. पंधरातले नऊ.

साठ.

चहावर साय धरली.

म्हणजे वर्ग हिरवा झालाच नव्हता. त्या सहा पोरांची प्रॅक्टिस एका शेवेच्या नावाने खाऊन टाकली होती. शिवांगी उद्या कारखान्यात जाणार होती, टेस्टर न लावता.

तो उठून मधुवंतीच्या केबिनपर्यंत गेलासुद्धा. दार अर्धं उघडं होतं. ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, "नाही सर, मार्क कोणी वाढवून दिलेले नाहीत. मुलांनी करून दाखवलंय." आवाजात इतका आनंद, की श्रीहरीचा हात दारावरच थांबला.

रविवार चारच दिवसांवर आहे, त्याने स्वतःला समजावलं. रविवारी ठेल्यावर सांगू, ती हसेल, चिडेल, सोमवारी पोरांना परत बोलावून घेईल. चार दिवसांत काय होतंय? कारखान्यात पहिले चार दिवस पोरांच्या हातात झाडूच देतात. आणि खरं सांगायचं तर, मधुवंती बिना शेवेचे पोहे खाताना कशी दिसेल हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हटत नव्हतं. जिंकलेली पैज अर्ध्यात सोडायची सवयच नव्हती त्याला.

तो परत फिरला.

शनिवारी दुपारी तीनला फोन आला. पलासियाच्या एका हॉस्पिटलमधून, मधुवंतीचा.

"शिवांगी," ती म्हणाली. "लगेच या."

हॉस्पिटलच्या बाकावर मानपुरचा तो टायरवाला बाप बसला होता. नखांत ग्रीस, पायांत स्लिपर, जसा होता तसा निघून आलेला. आत शिवांगीचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. कारखान्यात सुपरवायझर म्हणाला होता, कॉलेजवाले म्हणतात तुम्ही लोक तयार आहात, मग उघड बघू पॅनल. तिने मेन बंद केला. कुलूप घातलं. पाटी लटकवली. पॅनलला दुसऱ्या बाजूने जनरेटरची लाइन होती.

तळवा भाजला, दोन बोटं भाजली. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील. वळतील किती, ते आत्ता सांगता येत नाही.

बाप श्रीहरीला बघून उभा राहिला. हात जोडले. "सर, मोबाइल पे कॉलेज का मैसेज आया था. बिटिया की क्लास सेफ्टी में तैयार है. मैंने सबको दिखाया था दुकान पे." त्याने खिशातून फोन काढला आणि तो मेसेज उघडून श्रीहरीपुढे धरला, जणू पावती. "इसमें तो लिखा है सर."

श्रीहरीने तो मेसेज वाचला. दोनदा वाचला. फोन परत देताना त्याला त्या माणसाकडे बघता आलं नाही.

मधुवंती कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. "शिवांगीला एक होता भिया. तुम्हीच दिलेला. मी बघितला." ती स्क्रीनवरून नजर न हलवता बोलत होती. "मग वर्ग हिरवा कसा? चार वेळा सूत्र तपासलं. टक्केवारी बरोबर येते. माझंच काहीतरी चुकलंय."

"मधु..."

"डायरेक्टरांना म्हटलं, बाकीच्या तेरा मुलांना सोमवारी पाठवू नका. ते म्हणतात, कारण काय लिहू? रिपोर्ट तर हिरवा आहे. एक अपघात म्हणजे मुलीची चूक. लाल असता ना भिया, एका मिनिटात परत बोलावले असते." तिने डोळे पुसले. "त्यात अजून पाच जण असे आहेत, ज्यांना एकच मार्क होता. परवा सकाळी तेपण पॅनलसमोर उभे राहतील."

श्रीहरीच्या तोंडात शब्द आला होता. अगदी ओठावर. बाजूला तो बाप उभा होता, त्याच्या हातात अजून तो फोन.

"चहा आणतो," श्रीहरी म्हणाला.

चहा आणला. तिने घेतला नाही. मग तो संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. घरी गेल्यावर बायकोने, सुमनने, ताट वाढलं. त्याने हात लावला नाही. "आज कोणाची खोडी काढून आलात?" तिने विचारलं. त्याने ताट बाजूला सारलं, तसं तिने ते उचललं.

रविवारी ठेल्यावर नेहमीपेक्षा गर्दी. पैजेची बातमी गल्लीभर झालेली, नानांनी तर शेजारच्या गल्लीतून दोघांना बोलावून आणलेलं. शिवांगीचं कोणाला माहीत नव्हतं. जो तो विचारत होता, "भिया, सापडलं का गाढव?" श्रीहरी खांबाला टेकून उभा होता. दाढी केली नव्हती.

मधुवंती आली ती रिक्षातून, हॉस्पिटलमधूनच. कालचाच कुर्ता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती सरळ ठेल्याशी गेली.

"गंगूबाई, एक प्लेट. बिना सेव."

"अरे मधु, अजून वेळ आहे," नाना म्हणाले.

"नको नाना. मला सापडलं नाही. शोधायला वेळच झाला नाही. शब्द दिला होता, खाते आणि परत जाते. माझी एक विद्यार्थिनी ॲडमिट आहे."

टाळ्या थांबल्या. गंगूबाईने पोहे वाढले. हात सवयीने शेवेच्या डब्याकडे गेला, अर्ध्यात थांबला, परत आला. तिने प्लेट पुढे केली.

ती प्लेट श्रीहरीने घेतली.

"भिया, माझी आहे."

"तुझी नाही." त्याने प्लेट स्वतःकडे ओढली. "नाना, किती वाजले?"

"सात पन्नास."

"मग लिहून ठेवा. सापडलं." तो मधुवंतीकडे वळला. "वर्गात किती जण आहेत, मधु?"

"चौदा."

"पोर्टलवर मोज."

तिने मोबाईल काढला. बोट वर सरकत गेलं. मध्येच थांबलं. "सेवाराम रतलामी," तिने वाचलं.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "सेव रतलामी! भिया, जहर जमलंय!"

मधुवंती हसली नाही. तिने नावावर बोट ठेवलं, शेरा उघडला, आणि मोठ्याने वाचला. "विद्यार्थी मनमिळाऊ. रोज सकाळी पोह्यावर सापडतो." मग ती थांबली. तिच्या ओठांची हालचाल श्रीहरीला दिसत होती. आठ, नऊ. चौदा, पंधरा.

तिने मान वर केली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी. कँटीनमध्ये."

"बुधवारी."

"तुझ्या दारापर्यंत आलो होतो."

"काल चार तास माझ्या बाजूला बसला होतात."

"हो."

आता कोणीच हसत नव्हतं. काय झालंय ते सगळ्यांना नीट कळलं नव्हतं, पण श्रीहरी मुळ्येचा चेहरा असा कोणी बघितला नव्हता. नाना हळूच म्हणाले, "काय रे, काय केलंस?"

श्रीहरीने सांगितलं. प्लेट हातात धरून, सगळ्यांसमोर, काही न गाळता. मानपुरची पोरगी, टेस्टर, चौदाचे पंधरा, जनरेटरची लाइन, दोन बोटं. बापाचा मेसेजसुद्धा. सांगताना त्याने एकही शब्द रंगवला नाही, आणि हेच ऐकणाऱ्यांना जड गेलं.

"आत्ता काढून टाक त्याला," तो शेवटी म्हणाला.

"आधी लिहा." मधुवंतीने मोबाईल त्याच्यासमोर धरला. "त्याच चौकटीत. तुमच्या नावाने. तुम्ही म्हणता ना कोणी वाचत नाही? डायरेक्टर वाचतील. मीपण यापुढे वाचेन, सगळे."

एका हातात प्लेट, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने श्रीहरीने लिहिलं, 'हा विद्यार्थी नाही. मी टाकला. श्रीहरी मुळ्ये.' मधुवंतीने सेवारामला काढलं. पंधराचे चौदा झाले. साठाचे सत्तावन्न. हिरवी चौकट क्षणभर पांढरी झाली आणि मग लाल. पोर्टलने आपलं काम केलं. चौदा घरांत मेसेज गेले की ट्रेनिंग थांबलंय, सोमवारपासून लॅबमध्ये प्रॅक्टिस. चौदातला एक पलासियाच्या त्या बाकावरही गेला असणार. हे दोघांनाही एकाच वेळी सुचलं, कारण मधुवंतीने मोबाईल उलटा केला आणि श्रीहरीने नजर खाली घातली.

"प्रॅक्टिस मी घेईन," तो म्हणाला. "कॉलेजने ठेवलं तर."

"ते त्यांनी ठरवायचं." ती रिक्षाकडे वळली. दोन पावलं जाऊन थांबली. "शिवांगीला तुम्ही स्वतः सांगायचं. तिच्या वडिलांनापण. माझ्या तोंडून नाही."

"आज येतो. हे झालं की."

रिक्षा गेली. नानांनी घड्याळात बघितलं. मग बाही ओढून ते झाकलं.

श्रीहरीने पहिला घास घेतला. कोरडे पोहे टाळूला चिकटले. गंगूबाईला राहवेना, तिने शेवेचा डबा उघडलाच. "थोडी सी ले लो भैया. कोई नहीं देख रहा."

सगळे बघत होते. श्रीहरीने प्लेटवर आडवा हात धरला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं वाजलं. सवयीने सगळ्यांनी आधी श्रीहरीच्या खिशाकडे बघितलं. खिसा सपाट होता. एका हातात प्लेट, दुसऱ्यात चमचा. गाडी खरीच होती, वळून आत येत होती. एकेक जण डबे आणायला घराकडे निघाला, पण पावलं उचलत नव्हती, मान मागेच वळत होती.

त्याने चमच्याने कडेचे दाणे गोळा केले आणि शेवटचा घास तोंडात घातला.